उघडताना भरणारी यादी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं. पंधरा तालुक्यांपैकी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ नव्या पालघर जिल्ह्यात गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात जुन्या जिल्ह्यात राहिले. ज्या ज्या प्रोग्राममध्ये ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ अशा दोन चौकटी होत्या, त्या सगळ्यांपुढे त्या दिवशी एकच काम आलं. जिल्ह्यांच्या यादीत एक नाव वाढवायचं आणि ठाणे निवडल्यावर वसई दिसू द्यायची नाही.

अशा दिवशी प्रोग्रामच्या दोन जाती उघड्या पडतात. पहिल्या जातीत तालुक्यांची नावं प्रोग्रामरने थेट कोडमध्ये लिहिलेली असतात. यादी बदलायची तर कोड बदला, प्रोग्राम पुन्हा बांधा आणि जिथे जिथे तो बसवला आहे तिथे तिथे नवा बसवत फिरा. दुसऱ्या जातीत नावं डेटाबेसच्या एखाद्या तक्त्यात असतात आणि चौकट ती तिथून वाचते. तक्त्यातल्या आठ ओळींसमोरचा जिल्हा बदलला की काम संपलं. भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेली पाटी आणि खानावळीत रोज सकाळी खडूने लिहिला जाणारा फळा यांत जो फरक, तोच इथे.

संपलं असं निदान वाटतं तरी. प्रत्यक्षात खरी गंमत इथून पुढे सुरू होते. यादी बाहेरून वाचायची हे ठरलं, पण वाचायची कधी? वापरणाऱ्याने आधीच काही निवडलं असेल तर त्याचं काय करायचं? माहिती यायला वेळ लागला तर तोवर चौकटीत काय दाखवायचं? या प्रश्नांची धड उत्तरं न दिलेले प्रोग्राम आपण सगळेच रोज वापरतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो. माझ्या मते या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. यादी ही चौकटीची मालमत्ता आहे असं प्रोग्रामर धरून चालतो. तशी ती नसते. माहिती दुसरीकडे नांदत असते. चौकट फक्त विचारल्या क्षणी तिचं एक चित्र दाखवते.

वरून खाली उघडणारा मेनू आला तो पडद्यावरच्या जागेच्या टंचाईतून. सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक या प्रणालीत, माउसचं बटण दाबलं की जागच्या जागी उगवणारे मेनू होते. ॲपलच्या लिसा संगणकावर काम करताना बिल ॲटकिन्सन यांनी मेनूंची शीर्षकं एका पट्टीत कायमची दिसत ठेवली आणि पर्याय त्यांच्या पोटात दडवले. ही पट्टी आधी प्रत्येक खिडकीला वेगळी होती, मग ती पडद्याच्या माथ्यावर गेली आणि ॲपलच्या संगणकांवर अजून तिथेच आहे. लिसा जानेवारी १९८३ मध्ये आला. त्याच्यामागोमाग २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश आला, तो अवघी १२८ किलोबाइट स्मृती घेऊन.

या मॅकिंटॉशमध्ये एक फंक्शन होतं, ॲड-रेस-मेनू नावाचं. प्रोग्रामने त्याला एक मेनू द्यायचा आणि एक जात सांगायची. फंक्शन उघड्या असलेल्या सगळ्या रिसोर्स-फायली चाळून त्या जातीच्या वस्तूंची नावं गोळा करायचं आणि मेनूच्या शेवटी जोडून द्यायचं. जात ‘फॉन्ट’ सांगितली की त्या संगणकावर असतील तेवढे फॉन्ट मेनूत हजर: शिकागो, जिनीव्हा, न्यू यॉर्क वगैरे. ‘ड्रायव्हर’ सांगितली की डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या मेनूत गणकयंत्र, गजराचं घड्याळ, आकड्यांचं कोडं अशा छोट्या उपकरणांची नावं. अक्षरलेखनाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला ग्राहकाकडे कुठले फॉन्ट असतील याची कल्पना असायचं कारणच नव्हतं. म्हणजे स्वतःहून भरणारी यादी ही पुढे सुचलेली सुधारणा नव्हे. घरोघरी पोचलेल्या पहिल्यावहिल्या मेनूंमध्येच ती होती. फक्त ही भरणी सहसा प्रोग्राम सुरू होताना एकदाच व्हायची.

त्याच मेनूंमध्ये आणखी एक बदलती गोष्ट होती, इतकी अंगवळणी पडलेली की ती आपल्या लक्षातही येत नाही. मजकूर निवडलेला नसेल तेव्हा ‘कट’ आणि ‘कॉपी’ फिकट दिसतात. नावं तीच, जागा तीच, बदलते ती फक्त उपलब्धता. हा सगळ्यात सभ्य प्रकारचा बदल. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यायचं आहे.

माहिती आणि तिचं चित्र वेगळं ठेवायचा विचारही याच काळातला. ट्रिग्वे रीन्सकाउग हे नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ १९७८-७९ मध्ये पार्क केंद्रात होते. तिथे त्यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी मांडली. मॉडेल म्हणजे मूळ माहिती, व्ह्यू म्हणजे तिचं दर्शन, कंट्रोलर म्हणजे वापरणाऱ्याच्या हातातल्या माउस-कीबोर्डचं ऐकणारा भाग. एकाच मॉडेलला कितीही व्ह्यू असू शकतात आणि मॉडेल बदललं की ते सगळ्यांना कळवतं. जावाची स्विंग लायब्ररी घ्या किंवा क्यूटी घ्या, दोन्हींमध्ये ड्रॉपडाउनच्या मागे असं स्वतंत्र मॉडेल असतं. जिल्ह्याची चौकट प्रोग्राममध्ये तीन ठिकाणी असेल तर तिघींना एकच मॉडेल जोडायचं. त्यात पालघर घातलं की तिन्हीकडे पालघर दिसतं.

साध्या लायब्रऱ्यांमध्ये मात्र ही चैन नसते, आणि नवशिक्यांची गाठ सहसा त्यांच्याशीच पडते. पायथन शिकणारा विद्यार्थी पहिली खिडकी उघडतो ती बहुधा टीकेइंटर वापरून. त्याच्या पोटात आहे टीके, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी आपल्या टीसीएल या भाषेसाठी घडवलेला संच. त्यात ड्रॉपडाउन दोन प्रकारचे मिळतात. जुना ऑप्शनमेनू, आणि २००७ च्या ८.५ आवृत्तीबरोबर आलेला कॉम्बोबॉक्स. विद्यार्थी हमखास ऑप्शनमेनू उचलतो, त्याला तालुक्यांची एक यादी देतो, आणि मग जिल्हा बदलल्यावर ती यादी बदलतो. पडद्यावर काहीच होत नाही.

होणारच नसतं. ऑप्शनमेनूने सुरुवातीला ती यादी एकदा वाचली, प्रत्येक नावासाठी मेनूची एक ओळ तयार केली आणि यादीशी संबंध संपवला. विद्यार्थी बदलतोय ती यादी आता कुणाचीच नाही. मार्ग असा की ऑप्शनमेनूच्या पोटातला खरा मेनू बाहेर काढायचा, त्यातल्या शून्यापासून शेवटपर्यंतच्या ओळी पुसायच्या आणि नव्या एकेक जोडायच्या. प्रत्येक ओळीला तिचं नाव द्यायचं आणि ती निवडल्यावर काय करायचं ते सांगणारं एक छोटं फंक्शनही द्यायचं.

इथे दुसरा खड्डा आहे आणि तो फार सुंदर आहे. विद्यार्थी लूप चालवतो: प्रत्येक तालुक्यासाठी एक ओळ जोड आणि तिला ‘निवड चौकटीत हा तालुका लिही’ असं फंक्शन दे. चालवून बघतो तर यादी अगदी बरोबर दिसते, पण कागल निवडा, शिरोळ निवडा, काहीही निवडा, चौकटीत येतं हातकणंगले. म्हणजे यादीतलं शेवटचं नाव. कारण फंक्शनने ‘हा तालुका’ याची किंमत लिहून घेतलेली नसते. ती ज्या व्हेरिएबलमध्ये आहे त्याचं फक्त नाव लक्षात ठेवलेलं असतं. लूप संपेपर्यंत त्या व्हेरिएबलमध्ये शेवटचा तालुका येऊन बसतो, आणि वापरणारा क्लिक करतो तो लूप संपल्यावर. तेव्हा सगळी फंक्शनं एकाच ठिकाणी जाऊन विचारतात आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळतं. उपाय म्हणजे फंक्शन बनवतानाच किंमत त्याच्या हाती देणं. पायथनमध्ये हे डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून देऊन करतात. पायथन शिकवणाऱ्याने हा खड्डा विद्यार्थ्याला मुद्दाम एकदा दाखवावा. कोड लिहिला कधी आणि चालला कधी यातला फरक इतक्या चटकन दुसऱ्या कशाने कळत नाही.

कॉम्बोबॉक्समध्ये ही दगदग नाही. त्याच्या ‘व्हॅल्यूज’ला नवी यादी द्यायची, झालं. शिवाय त्याला ‘पोस्टकमांड’ नावाची एक सोय आहे. बाणावर क्लिक झाल्यावर आणि यादी पडद्यावर येण्याच्या आधी, या मधल्या क्षणी एखादं फंक्शन चालवायचं असेल तर ते इथे नोंदवायचं. यादी ताजी करायला याहून चांगली जागा नाही, कारण तिच्याकडे कुणी बघणारच नसेल तर ती ताजी ठेवून उपयोग काय?

ही कल्पना वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या नावांनी सुचलेली आहे. विंडोज पोटमेनू उघडण्याआधी प्रोग्रामला ‘डब्ल्यूएम-इनिटमेनूपॉपअप’ असा निरोप पाठवतं. क्यूटीचा मेनू ‘अबाउट-टू-शो’ असा संकेत देतो. मॅकवर मेनूच्या प्रतिनिधीला ‘मेनू-नीड्स-अपडेट’ विचारलं जातं. सगळ्यांचा अर्थ एकच: आता दाखवणार आहे, काही बदलायचं असेल तर बदला. संगणकाला जोडलेल्या उपकरणांच्या याद्यांना हा मार्ग अगदी चपखल बसतो. आर्डुइनोचं बोर्ड यूएसबीला लावून पोर्टची यादी उघडली तर तिथे नवं पोर्ट दिसलंच पाहिजे. बोर्ड केव्हा लावलं जाईल हे प्रोग्रामला आधी कळण्याची गरज नाही. जावात लिहिलेल्या जुन्या आर्डुइनो आयडीईत टूल्स मेनू उघडताच पोर्टची यादी नव्याने भरली जायची, ती म्हणूनच.

दुसरा मार्ग रीन्सकाउग यांचा: माहिती बदलली की तिनेच कळवायचं. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे २००६ पासून, यासाठी ‘ऑब्झर्व्हेबल-कलेक्शन’ नावाची खास यादी मिळते. तिच्यात नाव घाला किंवा काढा, जोडलेली चौकट आपोआप बदलते. लिहायला हे सुखाचं आहे, पण त्याची एक बोच आहे. यादी उघडी असताना, वापरणाऱ्याचा बाण ‘पन्हाळा’वर असताना, वर कुठेतरी एक नाव वाढलं तर सगळी नावं एक ओळ खाली सरकतात आणि क्लिक भलत्यावरच पडतो. उघडी यादी हलवायची नाही, हा नियम मी तरी बिनशर्त मानतो. नवं नाव थांबेल. मिटून पुन्हा उघडली की दिसेल.

यादी ताजी करायला क्षणभरापेक्षा जास्त लागलं तर? माणसाला किती उशीर जाणवतो याचे ढोबळ आकडे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडले आणि जेकब निल्सन यांनी पुढे लोकप्रिय केले. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत गोष्ट तत्काळ झाली असं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्षच उडतं. तालुक्यांची यादी स्वतःच्याच डिस्कवर असेल तर प्रश्न नाही. ती दूरच्या सर्व्हरवरून यायची असेल आणि ‘पोस्टकमांड’मध्ये बसून तिची वाट पाहिली, तर सगळा प्रोग्राम गोठतो. कारण खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं, कळा टिपणं ही कामं एकच धागा (थ्रेड) एकामागून एक करत असतो, आणि तो सर्व्हरच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला असतो. विंडोज पाच सेकंद वाट पाहतं; तेवढ्यात खिडकीने एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही तर ती प्रतिसाद देत नसल्याचं जाहीर करतं.

म्हणून आणायचं काम दुसऱ्या धाग्यावर टाकतात. तो माहिती आणतो, पण चौकटीला हात लावत नाही. स्विंग, क्यूटी आणि विंडोजच्या बहुतेक लायब्रऱ्यांचा दंडक आहे की पडद्यावरच्या वस्तूंना फक्त मुख्य धाग्याने स्पर्श करायचा. आणलेली यादी त्याच्या हवाली करायची आणि भरणी त्याच्याकडून करून घ्यायची. हे नीट केलं तरी एक चोरवाट उरते. वापरणाऱ्याने कोल्हापूर निवडलं, लगेच विचार बदलून रत्नागिरी निवडलं. दोन विनंत्या गेल्या. रत्नागिरीचं उत्तर आधी आलं, यादीत चिपळूण, गुहागर, दापोली दिसू लागले. मागाहून कोल्हापूरचं उत्तर रखडत आलं आणि त्याने ते पुसून टाकले. वर जिल्हा रत्नागिरी, खाली तालुका गगनबावडा. उपाय साधा आहे. प्रत्येक विनंतीला अनुक्रमांक द्यायचा आणि उत्तर शेवटच्या विनंतीचं नसेल तर ते न बघता टाकून द्यायचं. हा दोष चाचणीत सापडत नाही, कारण प्रोग्रामरच्या टेबलावर सर्व्हर शेजारीच असतो आणि उत्तरं नेहमी क्रमाने येतात.

आता निवडीकडे. टीकेच्या कॉम्बोबॉक्सला नवी यादी दिली तरी चौकटीत आधी दिसणारं नाव तसंच राहतं. सिंधुदुर्ग निवडला, यादीत सावंतवाडी, कुडाळ, मालवण आले, पण वर दिसतंय ‘करवीर’. कुणी तसंच ‘जतन करा’ दाबलं की नोंद झाली: सिंधुदुर्ग जिल्हा, करवीर तालुका. यावर काही जण पहिलं नाव आपोआप निवडतात. हा उपाय मला रोगापेक्षा वाईट वाटतो. कोल्हापूरच्या बारा तालुक्यांत अकारविल्हे पहिला येतो आजरा. घाईतला माणूस चौकटीकडे बघतही नाही, कारण ती भरलेली दिसते. वर्षअखेर आकडेवारी काढली की आजऱ्याची लोकसंख्या सरकारला अचंबित करण्याइतकी वाढलेली असते. जुनी निवड नव्या यादीत असेल तर ठेवावी, नसेल तर चौकट रिकामी करून पुन्हा विचारावं. रिकामी चौकट निदान खोटं बोलत नाही.

काही लायब्रऱ्या तर हे पहिलं नाव न सांगताच निवडतात. क्यूटीत रिकाम्या कॉम्बोबॉक्समध्ये पहिलं नाव घातलं की तीच चालू निवड होते आणि ‘निवड बदलली’ असा संकेतही सुटतो. त्या संकेताला गावांची यादी आणणारं फंक्शन जोडलेलं असेल, तर जिल्हा बदलताच तालुके भरतात, तालुके भरताच गावांची मागणी जाते, आणि वापरणाऱ्याने अजून कशालाच हात लावलेला नसतो. म्हणून भरणी चालू असताना संकेत रोखून धरतात. किंवा क्यूटीचाच ‘ॲक्टिव्हेटेड’ हा दुसरा संकेत वापरतात, जो माणसाने निवडलं तरच सुटतो. टीके आणि विंडोजची मूळ चौकट याबाबतीत समंजस आहेत. प्रोग्रामने केलेली निवड त्या प्रोग्रामलाच पुन्हा कळवत नाहीत.

निवड ठेवायची म्हणजे नेमकं काय ठेवायचं? दिसणारं नाव ठेवलं तर कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, एक रायगडात, एक अहिल्यानगरमध्ये. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. कळंब धाराशिवमध्ये आहे आणि यवतमाळमध्येही. त्यातून नावं बदलतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. युनिकोडची करामत निराळीच. कऱ्हाडमधला आडवा रफार दोन प्रकारे लिहिता येतो, ऱ आणि हलंत मिळून किंवा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाच्या तुलनेत दोन वेगळे शब्द, म्हणजे यादीत कऱ्हाड दोनदा. म्हणून प्रत्येक ओळीमागे एक न दिसणारा क्रमांक असावा आणि नोंद त्या क्रमांकाची व्हावी. केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हे, तालुके, गावं यांना असे क्रमांक दिलेले आहेत. दाखवायचं ते नाव, साठवायचा तो क्रमांक.

यादीतून नाव काढणं तर घालण्याहून अवघड. २०१२ सालची एखादी नोंद उघडली: जिल्हा ठाणे, तालुका वसई. आजच्या ठाण्याच्या यादीत वसई नाही. यादीत नसलेली किंमत दाखवता न येणारी चौकट रिकामी दिसते, आणि कुणी फोन नंबर दुरुस्त करून ‘जतन करा’ दाबलं की ते रिकामेपणच जुन्या, खऱ्या नोंदीवर लिहिलं जातं. ही यादीची सगळ्यात गुपचूप होणारी नासधूस. ज्यांना याचा चटका बसलेला असतो ते तक्त्यातून ओळ पुसत नाहीत. तिच्यापुढे ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने ठेवतात. नवी नोंद करताना आजचे तालुके दाखवायचे, जुनी उघडताना त्या तारखेचे.

यादी बदलू शकते म्हटल्यावर ती वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणेही बदलावी, असा मोह होतोच. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये मेनू उघडला की आधी फक्त नेहमीचे पर्याय दिसायचे. बाकीचे खालच्या दुहेरी बाणामागे दडलेले असायचे आणि क्वचित लागणारा पर्याय एकदा वापरला की तो पुढच्या वेळी मधेच उगवायचा. कागदावर विचार छान होता. पण वापरणारा पर्याय वाचून शोधत नाही, जागेवरून शोधतो; बोटाला माहीत असतं की तो वरून चौथा आहे. चौथा रोज वेगळा निघाला तर बोटाची शिकवणी वाया जाते. हे आधी कळायला हरकत नव्हती. १९८९ मध्येच मिचेल आणि श्नायडरमन यांनी वापरानुसार क्रम बदलणारे मेनू आणि स्थिर मेनू यांची तुलना करून पाहिली होती. सुरुवातीच्या कामांत बदलत्या मेनूवाले लक्षणीयरीत्या मंद पडले, आणि भाग घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के लोकांनी स्थिर मेनू पसंत केला. पुढे श्नायडरमन आणि अँड्र्यू सीअर्स यांनी दुभागलेला मेनू सुचवला: वर नेहमीचे मोजके पर्याय, खाली बाकीचे आपल्या ठरल्या क्रमाने. फॉन्टच्या चौकटीत वर अलीकडे वापरलेले आणि रेघेखाली सगळे, अशी रचना आज अनेक प्रोग्राममध्ये दिसते ती याच जातीची. ऑफिस २००७ आलं तेव्हा वर्ड-एक्सेलमधले ते लपाछपीचे मेनूच गेले.

ठरला क्रम म्हणजे कुठला, हे मराठीत गृहीत धरता येत नाही. संगणक अक्षरांचा क्रम युनिकोडमधल्या क्रमांकांवरून लावतो आणि तिथे ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे राज्यातल्या सगळ्या तालुक्यांची यादी आपोआप लावली की कळमनुरी, कळवण आधी आणि कवठेमहांकाळ नंतर असं दिसतं. मराठी शब्दकोश चाळलेला माणूस नेमका उलटा शोधतो. यादी बारा नावांची असेल तर चालून जातं. शेकडो नावांच्या यादीत नाव ‘नाहीच’ असं समजून लोक खिडकी बंद करतात. क्रम डेटाबेसकडून मराठी नियमाने लावून घ्यावा, किंवा तक्त्यात क्रमाचा एक वेगळा रकाना ठेवावा. दुसरा मार्ग ओबडधोबड आहे, पण कुठल्याही संगणकावर सारखाच चालतो.

राहिला तो फिकट पर्याय. जिल्हा निवडलेला नसताना तालुक्याच्या चौकटीचं काय करायचं? लपवली तर जिल्हा निवडताच खालचा सगळा फॉर्म दणकन सरकतो. म्हणून बहुतेक जण ती जागेवर ठेवून फिकट, निष्क्रिय करतात. मेनूतल्या ‘कट’-‘कॉपी’ला हे शोभतं. फॉर्ममध्ये मात्र याची एक बाजू आहे, जी डोळसांना दिसत नाही. निष्क्रिय चौकटीवर कीबोर्डचा फोकस जातच नाही. टॅब दाबला की तिला ओलांडून पुढे उडी पडते. एनव्हीडीएसारखा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम फोकस जिथे जातो तिथलं वाचतो. दृष्टिहीन माणसाने टॅब दाबत दाबत नाव, पत्ता आणि मोबाइल ऐकला, पण वाटेत तालुका लागलाच नाही. जिल्हा निवडल्यावर ती चौकट जिवंत झाली, तरी ते त्याला कुणी सांगितलं नाही, आणि शेवटी फॉर्म अपुरा आहे म्हणून परत आला. चौकट सक्रियच ठेवावी. तिच्या यादीत एकच ओळ असू द्यावी, ‘आधी जिल्हा निवडा’; ती ऐकू येते, वाचताही येते, आणि निवडली तरी नोंदीत काही जात नाही.